सीझेड 75 बी: आठ महिने, चार हजार गोळ्या आणि पंधरा पौंडांची एक स्प्रिंग

हा अनुभव 1990 च्या दशकात बनलेल्या, अमेरिकेत वापरलेलं म्हणून घेतलेल्या सीझेड 75 बी या पिस्तुलाचा आहे. 9 मिमी, साधारण साडेचार इंचांची नळी, फ्रेम (मुठीसकट खालचा सांगाडा) आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) दोन्ही पोलादाचे. रिकाम्या पिस्तुलाचं वजन जवळजवळ एक किलो, आणि मॅगझिनमध्ये 16 काडतुसं भरली की त्यात आणखी दोनशेएक ग्रॅमची भर पडते. आठ महिन्यांत सुमारे चार हजार गोळ्या झाल्या, बहुतेक 115 आणि 124 ग्रेन वजनाच्या साध्या एफएमजे (शिशावर धातूचं कवच असलेल्या). या काळात हॅमर स्प्रिंग (हॅमर म्हणजे गोळी सोडण्यासाठी आपटणारी हातोडी), पुढची साइट (नेम धरायची खूण), ग्रिप (मुठीच्या फळ्या) आणि मॅगझिन ब्रेक बदलले, आणि शेवटी हॅमरसुद्धा बदलला. पहिल्या चार बदलांनी पिस्तूल खरोखर सुधारलं. पाचवा बदल सुखद आहे, पण तो केला नसता तरी फार काही अडलं नसतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधीच सांगायला हवं: भारतात 9 मिमी हे प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे आणि सर्वसाधारण परवान्यावर ते मिळत नाही. त्यामुळे हा मजकूर मुख्यतः अमेरिकेत कायदेशीर मालकी असलेल्या मराठी नेमबाजांसाठी आहे. तिथेही राज्याराज्यांत फरक आहे. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात मॅगझिन 10 गोळ्यांचंच चालतं, म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्याने 16 गोळ्यांचं मॅगझिन मागवू नये.

या पिस्तुलाची घडण समजली की पुढचे बदल आपोआप समजतात. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या उहेर्स्की ब्रोद इथल्या कारखान्यासाठी फ्रांतिशेक कौत्स्की यांनी ते रचलं आणि 1975 मध्ये ते समोर आलं. देशाच्या सैन्यात तेव्हा 9 मिमी पॅराबेलम, म्हणजे या पिस्तुलाचं काडतूस, चालत नव्हतं, त्यामुळे पिस्तूल निर्यातीसाठी होतं. पेटंट देशातच गुप्त राहिल्याने बाहेर संरक्षण मिळालं नाही, आणि इटलीत, स्वित्झर्लंडमध्ये, तुर्कस्तानात, चीनमध्ये त्याच्या नकला निघाल्या. इस्रायलचं जेरिको याच घराण्यातलं. नकलांचे भाग सीझेडला सरसकट बसत नाहीत. ‘सीझेड 75 पॅटर्न’ एवढंच लिहिलेला भाग डोळे मिटून मागवला तर तो परत पाठवावा लागण्याची शक्यता मोठी.

बहुतेक पिस्तुलांची स्लाइड फ्रेमला बाहेरून कवटाळते. सीझेडची स्लाइड, सिग पी210 या पिस्तुलासारखी, फ्रेमच्या रुळांच्या आतून धावते. त्यामुळे नळी हाताच्या जवळ बसते आणि धक्का मनगट उडवण्याऐवजी सरळ तळहातात येतो. एक किलोचं पोलाद आणि ही बैठक मिळून 9 मिमीचा झटका इतका सौम्य होतो की पन्नास-साठ गोळ्यांनंतरही नेम ढासळत नाही. याची किंमतही आहे. स्लाइडची वर उरलेली उंची कमी असल्याने बोटांना धरायला जागा थोडीच मिळते, आणि घामट किंवा तेलकट हाताने ती ओढणं जड जातं. त्यावर उपाय सोपा आहे: आधी अंगठ्याने हॅमर मागे घ्यायचा, मग स्लाइड ओढायची. स्लाइडला मागे जाताना हॅमरची स्प्रिंग दाबावी लागते, आणि जडपणातला मोठा वाटा त्या स्प्रिंगचाच असतो.

नावातलं ‘बी’ म्हणजे फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर टोचणारी सुई) अडवणारा ब्लॉक. ट्रिगर पूर्ण ओढल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊ नये म्हणून स्लाइडमध्ये एक खुंटी असते, आणि ट्रिगर ओढताना एक छोटा लिव्हर ती वर उचलतो. त्याआधीच्या, लोक ज्यांना ‘प्री-बी’ म्हणतात त्या पिस्तुलांत ही सोय नाही. भाग मागवताना आपलं पिस्तूल बी आहे की प्री-बी हे पहिल्या ओळीत लिहावं, कारण हॅमर आणि सिअर (चढलेला हॅमर अडवून धरणारा भाग) यांच्या आसपासचे काही भाग वेगळे आहेत.

वापरलेलं पिस्तूल घेताना दुकानातच या गोष्टी पाहाव्यात. स्लाइडवर आणि फ्रेमवर चेक प्रूफच्या शिक्क्याजवळ वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात, त्यावरून वय कळतं. दोन्ही ग्रिप काढून दाखवायला सांगावं, कारण जुन्या पोलादी पिस्तुलाचा गंज तिथेच लपतो. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान पाहावं. नळी काढून उजेडाकडे धरावी. आत काळसर कडं दिसलं तर नळी फुगलेली असू शकते. नळीच्या वरच्या लग्जच्या (स्लाइडमध्ये अडकणाऱ्या उंचवट्यांच्या) कडा चेपून गोल झालेल्या नसाव्यात. स्लाइड थोडी खुळखुळते, त्याची चिंता नको. नळीचं तोंड स्लाइड बंद असताना हलतं का, ते महत्त्वाचं, कारण अचूकता तिथे ठरते. या पिस्तुलात तिथे काहीच हालचाल नाही, आणि 25 यार्डांवरून टेकवून मारलेल्या पाच गोळ्या चांगल्या काडतुसांनी तीन इंचांच्या आत बसतात.

आता मुख्य मुद्दा, ट्रिगर. डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगरच हॅमर मागे नेऊन सोडतो; सिंगल अ‍ॅक्शनमध्ये हॅमर आधीच चढलेला असतो आणि ट्रिगर तो फक्त सोडतो. मूळ अवस्थेत डबल अ‍ॅक्शनची ओढ अकरा पौंडांच्या आसपास होती आणि सिंगल अ‍ॅक्शनची पाच. आपल्याकडचे वाचक राही सरनोबतच्या 25 मीटर पिस्तूल प्रकाराशी तुलना करतील. तिथे नियमाने किमान ओढ 1000 ग्रॅम लागते. पाच पौंड म्हणजे त्याच्या सव्वादोन पट. शिवाय मूळ हॅमरची एक खोड आहे. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर हळू दाबत हॅमरकडे बघितलं तर सुटण्याआधी तो किंचित मागे सरकताना दिसतो. हॅमरच्या खाचेचा कोन मुद्दाम सुरक्षेच्या बाजूने ठेवलेला असतो, म्हणून सिअरला बाहेर पडताना हॅमर मागे ढकलावा लागतो. बोटाला जो खरखरीत प्रवास जाणवतो त्यातला बराचसा हाच.

लोक लगेच महागडं हॅमर-सिअर किट मागवतात. आधी हॅमर स्प्रिंग बदलावी. मूळ स्प्रिंग साधारण 20 पौंडांची समजली जाते, आणि बाजारात 11.5 पासून 18 पौंडांपर्यंतच्या मिळतात, दहाएक डॉलरला. 15 पौंडांची बसवल्यावर डबल अ‍ॅक्शन आठ पौंडांच्या थोडं वर आली, सिंगल अ‍ॅक्शन चारच्या खाली. स्लाइड ओढणंही तितकंच हलकं झालं. या पिस्तुलावर खर्च केलेल्या पैशांत इतका मोबदला दुसऱ्या कशानेच दिला नाही.

बदलायची रीत अशी. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालून तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. स्लाइड थोडी मागे ओढून तिच्या डाव्या मागच्या टोकावरची रेघ फ्रेमवरच्या रेघेसमोर आणा, आणि स्लाइड स्टॉपचं उजव्या बाजूला डोकावणारं टोक रिकाम्या मॅगझिनच्या बुडाने ठोकून डावीकडे बाहेर काढा. स्लाइड पुढे सरकवून वेगळी करा. हॅमर चढलेला असेल तर अंगठ्याने धरून सावकाश खाली आणा. स्लाइड नसताना तो फ्रेमवर आपटू देऊ नये. दोन्ही ग्रिप काढा. मुठीच्या मागच्या खालच्या टोकाला स्प्रिंगचा प्लग असतो, आडव्या पिनने अडकवलेला. मूठ लाकडी पाटावर उभी दाबून प्लग आत ढकललेला ठेवायचा आणि पंचने पिन बाहेर काढायची. मग दाब सावकाश सोडायचा. वर एक जाड फडकं टाकावं आणि डोळ्यांना चष्मा असावाच, कारण स्प्रिंग उडाली तर चेहऱ्याच्या दिशेने येते. नवी स्प्रिंग हॅमरच्या दांड्यावर चढवून हाच क्रम उलटा. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, नंतर दहा मिनिटं.

प्लग निघालाच आहे तर मॅगझिन ब्रेकही पाहून घ्यावा. ती मॅगझिनच्या खोबणीच्या मागच्या बाजूला असलेली पोलादाची पातळ पट्टी. जुन्या पिस्तुलांत ती मुद्दाम वाकवलेली असते, म्हणजे बटण दाबलं तरी मॅगझिन खाली पडत नाही, ओढून काढावं लागतं. स्पर्धेसाठी ते अडचणीचं. पट्टी व्हाइसमध्ये धरून सपाट करता येते किंवा सपाट पट्टी विकत मिळते. सपाट केल्यावर रिकामं मॅगझिन स्वतःच्या वजनाने पडतं.

हलक्या स्प्रिंगचं बिघडतं कुठे? प्रायमरवर. हॅमर पुरेशा जोराने आपटला नाही की प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) उथळ खड्डा पडतो आणि गोळी सुटत नाही. याची चाचणी डबल अ‍ॅक्शनमध्ये घ्यायची, कारण त्यात हॅमर सिंगल अ‍ॅक्शनइतका मागे जात नाही आणि फटका हलका बसतो. नेहमी वापरता तीच काडतुसं घेऊन किमान दोनशे गोळ्या फक्त डबल अ‍ॅक्शनमध्ये मारा. एकही चुकली तर एक पायरी वरची स्प्रिंग लावा. इथे 13 पौंडांची स्प्रिंग दोन वेळा अपुरी पडली, दोन्ही वेळा कडक प्रायमरच्या काडतुसांवर. फेडरल कंपनीच्या मऊ प्रायमरवर तीच स्प्रिंग निर्धोक चालली. 15 वर एकही गोळी चुकलेली नाही. 13 च्या खाली जायचं असेल तर लांब फायरिंग पिन आणि तिची हलकी स्प्रिंग सोबत लागते. घराच्या संरक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलात 17-18 च्या खाली जाऊच नये. तिथे दोन पौंड हलकी ओढ कामाची नाही, गोळी सुटणं कामाचं आहे.

दुसरी पायरी घासकामाची, आणि तिथे हात आवरता यायला हवा. ट्रिगर बारच्या (ट्रिगरची ओढ मागे पोचवणाऱ्या पट्टीच्या) बाजू फ्रेमला जिथे घासतात तिथे कारखान्याची हत्यारं चाललेल्या रेघा दिसतात. 1000 आणि मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर, तेलाचा थेंब, सपाट पट्टीवर गुंडाळून, फक्त चमक येईपर्यंत. हॅमरच्या दांड्यावर स्प्रिंग जिथे घासते तिथेही तेच. हॅमरची खाच आणि सिअरचं टोक यांना पेपर, कानस, दगड काहीही लावू नये. तिथला कोन अंशभर बिघडला तरी पिस्तूल धक्क्याने सुटू शकतं, किंवा एका ओढीत दोन गोळ्या जाऊ शकतात. असं एकदाही झालं तर पिस्तूल तिथेच रिकामं करून बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यायचं. ‘अजून एकदा बघू’ म्हणायचं नाही.

स्पर्धेचा हॅमर सहा महिन्यांनी बसवला. त्याच्या खाचेचा कोन वेगळा असल्याने तो मागे सरकण्याची खोड जवळजवळ जाते आणि सिंगल अ‍ॅक्शन तीन पौंडांवर, म्हणजे 1360 ग्रॅमवर, स्वच्छ तुटते. कागदावर गट थोडे आवळले, पण डोळ्यांत भरण्याइतके नाही. बसवणं मात्र किचकट आहे. हॅमरची पिन एका बारीक खुंटीने अडवलेली असते, सिअरच्या पिंजऱ्यात दोन वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात, आणि सेफ्टीच्या लिव्हरखालचा छोटा प्लंजर निसटला की फरशीवर शोधत बसावं लागतं. पिंजरा जुळवताना त्याच जाडीची आखूड बदली पिन हवी, नाहीतर चार हात लागतात. आणि मुख्य म्हणजे नव्या हॅमरबरोबर जुनी सेफ्टी चढेलच असं नाही. सेफ्टीचा जो भाग सिअरला अडवतो तो केसाएवढा घासून बसवावा लागतो, आणि एक फराटा जास्त झाला की सेफ्टी नावापुरती उरते. ज्याला हे आधी कुणी शेजारी बसून शिकवलेलं नाही त्याने कारागिराला द्यावं. शिवाय काही हॅमरना अर्ध्या टप्प्याची, म्हणजे हॅमर अर्ध्यावर अडवणारी, खाच नसते. घेण्याआधी वर्णन नीट वाचा.

स्प्रिंगपलीकडे आत काहीही बदललं की या तपासण्या रिकाम्या पिस्तुलावर दर वेळी करायच्या. हॅमर चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात ओढून सोडा, सेफ्टी काढा: हॅमर जागचा हलता कामा नये. हॅमर चढवून मागून अंगठ्याने पुढे दाबा: सुटता कामा नये. ट्रिगर ओढून धरा, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा: हॅमर चढलेलाच राहिला पाहिजे, आणि ट्रिगर पुढे सोडून पुन्हा ओढल्यावरच पडला पाहिजे. शेवटी स्लाइड हातात घेऊन फायरिंग पिन मागून पंचने दाबा: टोक पुढे येऊ नये, ब्लॉकची खुंटी दाबून धरल्यावर मात्र यावं. पहिल्या दिवशी रेंजवर मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरून सुरुवात करावी.

75 बीला डीकॉकर (चढलेला हॅमर सुरक्षितपणे खाली आणणारा लिव्हर) नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. चेंबरमध्ये काडतूस असताना हॅमर हाताने उतरवणं हे या पिस्तुलाचं सर्वांत धोक्याचं काम आहे, आणि ट्रिगर जितका हलका तितका धोका मोठा. नेहमीच्या सरावात हॅमर चढवून सेफ्टी लावलेली ठेवावी. रचना त्यासाठीच आहे. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत, प्रॉडक्शन विभागात, हॅमर पूर्ण उतरवून सुरुवात करावी लागते, त्यामुळे स्पर्धकाला ते शिकावंच लागतं: नळी मातीच्या बांधाकडे, दुसऱ्या हाताची चिमूट हॅमरवर घट्ट, हॅमर हलायला लागताच बोट ट्रिगरवरून बाजूला. ते रोज जमणार नसेल तर डीकॉकर असलेलं बीडी मॉडेल घ्यावं.

साइटबद्दल. मूळ ठिपके संध्याकाळी दिसेनासे होतात, म्हणून पुढे फायबर ऑप्टिकची साइट लावली. 75 बीची पुढची साइट आडव्या रोल पिनने (गुंडाळलेल्या पत्र्याच्या पोकळ पिनने) बसते, डोव्हटेलमध्ये (तिरप्या कडांच्या आडव्या खाचेत) नाही, त्यामुळे ती डावी-उजवी सरकवता येत नाही. ते काम मागच्या साइटने करायचं. काही नव्या साइटना पिनसाठीचं भोक आपण पाडावं लागतं. उंची निवडायचं गणित असं: दोन्ही साइटमधलं अंतर सुमारे 160 मिमी. 15 मीटरवर गोळ्या 5 सेंमी खाली लागत असतील तर 50 गुणिले 160 भागिले 15000, म्हणजे 0.53 मिमी. इतकी बुटकी पुढची साइट हवी. गोळी खाली लागते म्हणून उंच साइट घेतली तर ती आणखी खाली जाईल. इथे घाईत उंच साइट मागवून आठवडा वाया गेला.

ग्रिप पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या लावल्या. लहान हाताला डबल अ‍ॅक्शनचा ट्रिगर दूर पडतो, तो त्यामुळे जवळ आला. भर उन्हात त्या तापतात आणि घामाने निसटतात. दमट हवेत खरखरीत जी10 (काचतंतू आणि रेझिनचं साहित्य) बरी. स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) बारीक थेंब पुरतो, लाल लावू नये.

झिजणाऱ्या भागांत पहिला नंबर ट्रिगर रिटर्न स्प्रिंगचा. ती तुटली की ट्रिगर पुढे येत नाही, लोळागोळा लोंबतो. ती फक्त गोळ्यांनी दमत नाही, रिकाम्या सरावातली प्रत्येक ओढही तिच्या खात्यात जाते. त्यामुळे पाच हजारांच्या आसपास न तुटताच बदलावी. दुसरा भाग स्लाइड स्टॉप. नळी त्याच पिनवर आदळत असते, म्हणून दर सफाईला पिनवर नखाने चीर लागते का ते बघावं. रिकामा सराव करताना स्नॅप कॅप (बिनदारूची नकली काडतुसं) वापराव्यात, कारण फायरिंग पिन अडवणारी रोल पिन नुसत्या फटक्यांनी चेपते आणि फायरिंग पिन अडकू लागते. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) तीन-चार हजारांनंतर बदलली, तेव्हा जुनी नव्यापेक्षा स्पष्ट आखूड झालेली दिसत होती.

स्वतः काडतुसं बनवणाऱ्यांना एक सूचना. सीझेडच्या नळीत चेंबरपुढची मोकळी जागा कमी असते, त्यामुळे रुंद नाकाच्या गोळ्या नळीतल्या पीळदार कडांना लवकर टेकतात आणि स्लाइड पूर्ण बंद होत नाही. पहिलं काडतूस बनवलं की नळी काढून त्यात टाकून बघा: ‘टक्’ आवाज करत बसायला हवं, बोटाने सहज फिरायला हवं आणि उलटं केल्यावर आपोआप पडायला हवं. नाही पडलं तर गोळी थोडी आत बसवावी लागेल, आणि त्या लांबीला दारू किती, हे मॅन्युअलमधून पुन्हा खालच्या आकड्यापासून सुरू करावं.

रंग हा नाजूक भाग. त्या काळच्या काळ्या 75 बीवर ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा रासायनिक थर) नसून फॉस्फेटवर दिलेला रंगाचा थर आहे. होल्स्टरमध्ये कडा उडतात, आणि अ‍ॅसिटोन असलेलं सॉल्व्हंट किंवा ब्रेक क्लीनर लागलं तर तो मऊ पडतो. सफाईला साधं गन ऑइल आणि नायलॉन ब्रश पुरे. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडासारख्या दमट हवेत रेंजवरून आल्या आल्या ग्रिप काढून आतला घाम पुसावा आणि कपाटात सिलिका जेल ठेवावं. कापडी किंवा फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नये. सेराकोट (टिकाऊ रंगाचा लेप) करायचं असेल तर फ्रेमचे आतले रूळ झाकायला सांगावं, नाहीतर स्लाइड अडखळते. वंगण रुळांवर ग्रीसचा पातळ हात, नळीच्या लग्जवर आणि तोंडावर थोडं, हॅमरच्या पिनवर एक थेंब तेल. उणे तापमानात ग्रीसऐवजी तेलच वापरावं.

हातात आलेलं पिस्तूल 1970 च्या दशकातलं, आखूड रुळांचं पहिलं मॉडेल निघालं तर यातलं काहीही करू नये. ती थोडीच आहेत, त्यांचं ब्लूइंग आणि मूळ भाग हीच त्यांची किंमत. त्यावर हौस भागवण्यापेक्षा रंग उडालेलं साधं 75 बी शोधावं आणि त्याच्यासोबत पिशवीत ट्रिगर रिटर्न स्प्रिंग, स्लाइड स्टॉप, एक रोल पिन आणि 18 पौंडांची हॅमर स्प्रिंग ठेवावी.